सिनेमा बघितलास, आता फोन कर

पत्र (थोडं संक्षिप्त करून) :

ताई, मी २९ वर्षांचा. मूळचा सांगलीचा, नोकरीसाठी पुण्यात. दीड वर्षापासून एका मुलीवर माझं प्रेम आहे. ती औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करते, हुशार आहे, हसतमुख आहे. गेल्या महिन्यात मी लग्नाचं विचारलं तेव्हा तिनं सांगितलं की २१ व्या वर्षी तिला स्किझोफ्रेनियाचं निदान झालं होतं. तेव्हा तिला वाटायचं, समोरच्या इमारतीवरच्या टॉवरमधून कुणीतरी तिच्या डोक्यातले विचार वाचतंय. काही आठवडे ती रुग्णालयात होती. आजही रोज रात्री गोळी घेते. हे सगळं सांगून झाल्यावर म्हणाली, “एक कोरियन सिनेमा बघ, मग बोलू.” सिनेमाचं नाव ‘आय अ‍ॅम अ सायबॉर्ग, बट दॅट्स ओके’. मी दोनदा बघितला. पहिला तासभर काही कळेना, नुसता वेडाचा बाजार वाटला. भाताच्या प्रसंगाला मात्र रडू आलं. पण तिला मला काय सांगायचंय? ती पुढे कधी जेवण सोडेल का? मी त्या हिरोसारखं खोटं खोटं यंत्र बसवायचं का? मी मनाशी ठरवलंय की तिला इतकं सुखात ठेवीन की तिला गोळ्यांची गरजच उरणार नाही. पण तिच्याशी बोलायचं धाडस होत नाही, रोज फक्त ‘गुड मॉर्निंग’ पाठवतो. आईला सांगू की नको? की लग्न झाल्यावर सांगू?

— नाव-गाव छापू नये

उत्तर :

तू मला ताई म्हटलंस, आणि मी वयानं तुझ्याहून बरीच मोठी आहे, म्हणून अरे-तुरे करते.

हे सदर वाचून संपायच्या आधीच तिला फोन कर. बाकीचं नंतर वाचलंस तरी चालेल. आयुष्यातली सगळ्यात जड गोष्ट तिनं तुझ्यासमोर ठेवली आणि तुझ्याकडून येताहेत सकाळचे मेसेज. तू विचारात पडलायस हे मला तुझ्या पत्रातून कळलं. तिला ते कळायला काहीच मार्ग नाही. तिच्या जागी स्वतःला ठेवून बघ : हा गप्प बसलेला माणूस माझ्याबद्दल विचार करतोय की माझ्यापासून लांब जातोय? इतक्या वर्षांत तिनं हे दुसऱ्या कुणाला सांगितलं असेल आणि त्यानं काय केलं असेल, तेही आपल्याला ठाऊक नाही. तेव्हा “सिनेमा बघितला, दोनदा बघितला, सगळा कळला नाही, तुझ्याकडून ऐकायचाय” एवढं म्हणालास तरी पुरे.

आता सिनेमाकडे येते, कारण तिनं तो उगाच सुचवलेला नाही. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. पार्क चान-वूक या दक्षिण कोरियाच्या दिग्दर्शकाचा हा २००६ चा सिनेमा. त्याआधी त्यांचं नाव झालं ते ‘ओल्डबॉय’सारख्या सूडाच्या, रक्तरंजित कथांमुळे. त्यानंतर त्यांनी मनोरुग्णालयात घडणारी ही प्रेमकथा केली. पुढच्या वर्षी बर्लिनच्या महोत्सवात तिला आल्फ्रेड बाऊअर पुरस्कार मिळाला. नायिका यंग-गून (अभिनेत्री इम सू-जंग) रेडिओ बनवणाऱ्या कारखान्यात काम करते आणि स्वतःला सायबॉर्ग, म्हणजे माणसाच्या रूपातलं यंत्र समजते. नायक इल-सुन चोर आहे. माणसांच्या वस्तूच नाही तर त्यांच्या सवयी, त्यांचे गुणही आपल्याला चोरता येतात, असं त्याला वाटतं. ही भूमिका ‘रेन’ या नावानं गाजलेल्या पॉप गायकानं केली आहे.

तू म्हणतोस पहिला तास वेडाचा बाजार वाटला. अगदी सुरुवातीचा कारखान्यातला प्रसंग पुन्हा एकदा बघ. रांगेत बसून मुली रेडिओ जोडताहेत. यंग-गूनला सूचना ऐकू येतात आणि त्या सूचनांबरहुकूम ती मनगट कापते, त्यात तारा घालते, वर चिकटपट्टी लावते आणि वायर सॉकेटमध्ये खुपसते. रुग्णालयाच्या दप्तरी याची नोंद होते आत्महत्येचा प्रयत्न म्हणून. तिच्या लेखी मात्र तिनं मरायचा विचारही केलेला नाही, ती स्वतःला चार्ज करत होती. बाहेरून बघणाऱ्याला दिसलं ते आणि तिच्या आत घडलं ते, या दोन्हींत किती अंतर आहे बघ. तुझ्या मैत्रिणीनं टॉवरची गोष्ट तुला सांगितली तेव्हा तू ती ‘लक्षण’ म्हणून ऐकलीस. त्या दिवसांत ती किती घाबरलेली असेल, झोप लागत होती का, घरात कुणाशी बोलत होती का, हे तू विचारलंस का? तुझ्या पत्रात तरी ते नाही. मला वाटतं, सिनेमा बघायला सांगण्यामागे तिची हीच इच्छा असावी की कुणीतरी एकदा आतून बघावं. माझा अंदाज चुकीचाही असेल, म्हणून तिलाच विचार.

आता भाताचा प्रसंग. अन्न पोटात गेलं तर आतली यंत्रणा बिघडेल या भीतीनं यंग-गून जेवत नाही. बॅटऱ्या चाटते. दिवसेंदिवस खंगत जाते. डॉक्टर समजावतात, नळीनं अन्न देतात, विजेचे झटके देतात, तरी घास पोटात जात नाही. मग इल-सुन एक छोटंसं यंत्र तयार करतो. भाताचं विजेत रूपांतर करणारं. नाव त्याचं ‘राइस मेगाट्रॉन’. ते तिच्या पाठीत बसवल्याचं तो नाटक करतो आणि बिघडलं तर कधीही येऊन दुरुस्त करीन असा भरवसा देतो. पुढे ती भोजनगृहात ताट घेऊन बसते, चमचा तोंडाजवळ नेते, थांबते. आजूबाजूचे सगळे रुग्ण श्वास रोखून बघताहेत. अखेर ती घास गिळते.

तुला इथं रडू आलं, मलाही येतं. पण तू त्यातून उचललंस ते ‘खोटं यंत्र’. मी तुला दुसरीकडे बघायला सांगेन. इतके दिवस सगळे तिला “जेव” म्हणत होते. “जेवलं तर काय होईल असं तुला वाटतं?” हे इल-सुननं समजून घेतलं. तिच्या भीतीत एक तर्क होता : भात यंत्राला चालत नाही. त्या तर्काला धरूनच त्यानं वाट काढली. ती सायबॉर्ग आहे की नाही या वादात तो पडलाच नाही, आणि तिला बरं करून दाखवीन असंही म्हणाला नाही. त्यानं फक्त जेवण हा एक प्रश्न हातात घेतला.

आणखी एक गोष्ट तुझ्या नजरेतून निसटली आहे आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. इल-सुन हा कुणी शहाणा, धडधाकट माणूस वेड्या मुलीला वाचवायला आलेला नाही. तोही त्याच रुग्णालयातला रुग्ण आहे. आई सोडून गेलेला मुलगा आहे तो. आपण आक्रसत आक्रसत एक ठिपका होऊ आणि नाहीसे होऊ, अशी त्याला धास्ती आहे. तू पत्रात स्वतःला ‘हिरो’च्या जागी बसवलंस तेव्हा नकळत तिला ‘वाचवायची’ व्यक्ती केलंस. तुझी धास्ती कशाची आहे? घरच्यांना नाराज करायची? आपल्याला झेपणार नाही याची? तीही तिच्यासमोर ठेव. तिनं तिची ठेवलीच आहे.

यंग-गूनला रुग्णालयातल्या पांढऱ्या कोटवाल्यांचा सूड घ्यायचा असतो, कारण तिच्या लाडक्या आजीला असेच लोक उचलून घेऊन गेलेले असतात. आजी स्वतःला उंदीर समजायची आणि फक्त मुळा खायची. पण यंग-गूनच्या मनात कणव आहे, ती आड येते. म्हणून ती इल-सुनला सांगते, माझी कणव चोर. तो चोरतो. आणि मग ती कणव त्याच्याच अंगात भिनते, तिला झटके देतात तेव्हा रडतो तो. दयेनं बघणं आणि दुसऱ्याचं दुखणं स्वतःला लागणं यांतला फरक एवढ्या सरळपणे दाखवलेला मी क्वचित पाहिलाय. तुझी मैत्रीण तुझ्याकडून दया मागत नाहीये. दया हवी असती तर तिनं रडून सांगितलं असतं, सिनेमा सुचवला नसता.

आता तुझ्या पत्रातल्या ज्या वाक्यानं मी खरी धसकले, त्याबद्दल. “तिला इतकं सुखात ठेवीन की गोळ्यांची गरजच उरणार नाही.” हे वाक्य तिच्यासमोर चुकूनही बोलू नकोस आणि स्वतःच्या मनातूनही काढून टाक. तुझा हेतू प्रेमाचा आहे, मला शंका नाही. पण ती आज नोकरी करते, हसते, तुझ्याबरोबर लग्नाचं बोलते, त्यात त्या रोज रात्रीच्या गोळीचा मोठा वाटा आहे. स्किझोफ्रेनिया पुन्हा उलटण्याचं सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे औषध मध्येच बंद करणं. आणि ते बंद होतं ते बहुतेकदा सगळं छान चाललेलं असताना. माणूस बरा दिसतो, लग्न ठरतं, कुणीतरी म्हणतं, “आता कशाला हव्यात त्या गोळ्या?” लगेच काही होत नाही. कधी आठवडे जातात, कधी महिने. मग झोप उडते, संशय येऊ लागतो, माणूस खोलीबाहेर येईनासा होतो. तोवर गोळी कधी बंद झाली हे घरचे विसरलेले असतात. गोळ्यांनी सुस्ती येते, वजन वाढतं, हात थरथरतात, या तक्रारी खऱ्या असतात. त्यावर डॉक्टरांना मात्रा कमी करता येते, औषध बदलता येतं. तो निर्णय तिचा आणि तिच्या डॉक्टरांचा. तुझं सुख देणं हे त्या औषधाला पर्याय नाही, त्याच्या जोडीला आहे.

सिनेमाची उणीव मला इथंच दिसते. त्यात औषधांना जवळपास स्थान नाही. उपचार म्हणजे नळी, झटके आणि बंद खोली. सायबॉर्गच्या डोळ्यांनी बघितलं तर ते तसंच दिसणार, हे मला कळतं. तरी तुझ्यासारख्या नवख्या माणसाच्या मनात भलतं चित्र बसू नये म्हणून सांगते. विजेचे झटके, म्हणजे ईसीटी, आज भूल देऊन आणि स्नायू सैल करणारं औषध देऊनच देता येतात. आपल्याकडच्या मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नं त्याशिवाय ते द्यायला बंदी केली आहे. ज्यांनी अन्नपाणी सोडलंय किंवा ज्यांच्या जिवाला धोका आहे, अशा काही रुग्णांना त्यांचा खरोखर उपयोग होतो. उद्या कधी डॉक्टरांनी तो शब्द काढला तर सिनेमा आठवून घाबरू नकोस, प्रश्न विचार.

पण आजीला उचलून नेण्याचा प्रसंग कल्पनेतून उपटलेला नाही. सिनेमा आला तेव्हा कोरियात १९९५ चा मानसिक आरोग्य कायदा लागू होता. जबाबदार कुटुंबीय आणि एक मनोविकारतज्ज्ञ तयार असले की माणसाला त्याच्या मनाविरुद्ध सहा महिन्यांपर्यंत दाखल करता येत असे. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयानं ही तरतूद घटनेशी विसंगत ठरवली आणि मे २०१७ पासून नवा कायदा आला. म्हणजे आजीची ती वेदना त्या देशात कितीतरी घरांनी भोगलेली होती. तुझी मैत्रीण काही आठवडे रुग्णालयात होती. ती स्वतःहून गेली की तिला नेलं, हे तिला कधीतरी, ती सांगण्याच्या मनःस्थितीत असेल तेव्हा, विचार. तिच्या मनात ‘घरचे मला पुन्हा तिथं सोडून येतील’ ही भीती असेल तर तुला ती माहीत असायला हवी.

आता, खोटं यंत्र बसवायचं का? नको. पडद्यावर ते चालतं. घरात भ्रमाला दुजोरा देण्यात अडचण अशी की माणूस सावरल्यावर त्याला सगळं आठवतं, कोण काय म्हणालं तेही आठवतं. तू “हो, टॉवरमधून विचार वाचतात” म्हणालास तर तिची भीती खरी ठरवलीस. “काहीतरीच काय, असं काही नसतं” म्हणालास तर ती एकटी पडली. दोन्हींच्या मधली एक जागा असते आणि ती सापडते.

मी बरीच वर्षं अशा आजारांतल्या कुटुंबीयांच्या स्वमदत गटात जाते. तिथं येणाऱ्या एका गृहस्थांच्या पत्नीला आजाराच्या दिवसांत कुकरच्या शिट्ट्यांमधून निरोप ऐकू यायचे. तीन शिट्ट्या म्हणजे अमुक, चार म्हणजे तमुक. आधी ते समजावत बसले, मग चिडले, मग भांडणं झाली. शेवटी एकदा त्यांनी विचारलं, “शिट्टी झाली की तुला नेमकं काय होतं?” ती म्हणाली, “छातीत धडधडतं.” त्या दिवसापासून त्यांनी घरात कुकर लावला नाही. पातेल्यात भात, वर झाकण, शेजारी घड्याळ. शेजाऱ्यांच्या शिट्ट्या थांबवता येत नव्हत्या, तेव्हा ते एवढंच म्हणायचे, “मला त्यात निरोप ऐकू येत नाही. पण तुला भीती वाटतेय ते दिसतंय. मी इथंच बसतो.” आणि बसायचे. औषधं चालू होतीच, मात्रा बदलली, काही महिन्यांनी शिट्ट्यांचा अर्थ हळूहळू विरला. आता त्यांच्याकडे कुकर पुन्हा लागतो. ही माझ्या लेखी खऱ्या आयुष्यातली राइस मेगाट्रॉनची गोष्ट आहे : एक पैशाचंही खोटं न बोलता केलेली.

ती पुढे कधी जेवण सोडेल का, असं तू विचारलंस. तिचा आजार आणि सिनेमातल्या मुलीचा आजार एक नव्हे. प्रत्येकाची लक्षणं वेगळी असतात आणि आजार उलटताना सुरुवातीच्या खुणाही वेगळ्या. कुणाची झोप कमी होते, कुणी फोन उचलेनासं होतं, कुणी एकाच गोष्टीभोवती फिरत राहतं. तिच्या खुणा तिला माहीत असतील. “मला काय दिसलं तर मी तुझ्याशी बोलायचं, आणि कुठल्या शब्दांत बोलायचं?” हे तिलाच विचार आणि ती सांगेल ते लिहून ठेव. ती परवानगी देईल तेव्हा एकदा तिच्या डॉक्टरांकडे बरोबर जा. तिच्यावर पाळत ठेवायला मात्र जाऊ नकोस. “आज गोळी घेतलीस ना?” हा रोजचा प्रश्न कुणालाही जाचतो. आठवण करून द्यायची की नाही हेही तिनं ठरवायचं. चांगल्या दिवसात ती चिडली तर ते चिडणं असतं, दरवेळी त्यात आजार शोधू नकोस.

लग्नाबद्दल. निदान आहे म्हणून लग्न करता येत नाही असा समज आपल्याकडे अजून आहे. हिंदू विवाह कायद्यात मानसिक आजाराचा उल्लेख आहे, पण तो आजार लग्नाला संमती देता येणार नाही किंवा संसार झेपणार नाही इतक्या तीव्रतेचा असेल तर. नुसतं ‘स्किझोफ्रेनिया’ हे नाव लागल्यानं काही ठरत नाही, आजाराची तीव्रता बघावी लागते, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८८ मध्येच राम नारायण गुप्ता यांच्या खटल्यात सांगितलंय. आपला २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदाही म्हणतो की केवळ मानसिक आजार आहे म्हणून कुणाला मनानं असमर्थ धरता येणार नाही. हाच कायदा तिला आणखी एक हक्क देतो : आजार वाढला तर कोणते उपचार हवेत, कोणते नकोत हे ती आधीच लिहून ठेवू शकते आणि आपला प्रतिनिधी नेमू शकते. तो नवराच असला पाहिजे असं नाही. बहीण असेल, मैत्रीण असेल. तिनं तुझं नाव लिहिलं नाही तर मनाला लावून घेऊ नकोस.

मुलांबद्दल तू विचारलं नाहीस, पण तुझ्या घरी हा प्रश्न पहिला निघेल. सर्वसाधारणपणे शंभरात एकाला हा आजार होतो. आईवडिलांपैकी एकाला असेल तर मुलाला तो होण्याची शक्यता शंभरात दहाच्या आसपास धरतात. म्हणजे नव्वदांना होत नाही. धोका वाढतो हे खरं आणि तो लपवण्यात अर्थ नाही. मूल हवं असेल तर त्याआधीच डॉक्टरांशी बोलून औषधं बघून घ्यायची. काही गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत, काही चालतात. दिवस राहिल्यावर घाबरून सगळंच बंद करणं, हे आईसाठी आणि बाळासाठीही धोक्याचं.

आणि आता तुझ्या आईबद्दल. लग्नानंतर सांगू का, असं विचारतोस. सिनेमातल्या यंग-गूनच्या आईला मुलीचं हे वेड आधीपासून ठाऊक असतं. पण आपल्या हॉटेलचा धंदा, लोकांमध्ये होणारी चर्चा, या धास्तीनं ती ते दाबून ठेवते. डॉक्टर विचारतात तेव्हाही सांगत नाही. त्यामुळे ही मुलगी जेवत का नाही, हे कळायलाच किती वेळ जातो! सगळ्या सिनेमात मला सर्वांत आपल्या घरातलं वाटलं ते हे पात्र. ती दुष्ट नाही. आपल्या गल्लीत अशा आया, असे बाप, असे काका आहेत, आणि त्यांनी झाकून ठेवल्यामुळे उपचार कितीतरी उशिरा सुरू झालेले मी पाहिले आहेत.

तेव्हा लग्नानंतर नको, आधी सांग. लपवलेलं लग्नानंतर बाहेर आलं की दोष सुनेवर येतो, “आम्हाला फसवलं” असं ऐकावं लागतं तिला, तुला नाही. शिवाय घरात लपवून गोळ्या घ्यायची वेळ आली की गोळ्या चुकतात. डबीवरचं लेबल खरवडून, जीवनसत्त्वाच्या बाटलीत औषध ठेवून संसार करणाऱ्या सुना मला माहीत आहेत. एखादा पाहुणा चार दिवस राहिला की चार दिवस गोळी नाही.

पण सांगायचं ते तिला विचारून. किती सांगायचं, कोणत्या शब्दांत, ती स्वतः बरोबर असेल की नाही, हे तिनं ठरवायचं. आई एकदम “हो” म्हणणार नाही, हे धरून चाल. रडेल, नातेवाइकांची नावं घेईल, कुणा बाबाचा पत्ता काढेल. तू वाद घालू नकोस. आईला काय कळलं नाही ते विचार, वेळ दे, हवं तर तिला एखाद्या मनोविकारतज्ज्ञाकडे घेऊन जा म्हणजे तिचे प्रश्न ती स्वतः विचारेल. सिनेमा दाखवायचाच असेल तर आईला कोरियन नको, सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ दाखव. २००४ चा आहे, स्किझोफ्रेनिया झालेल्या भावाची आणि त्याला सांभाळणाऱ्या बहिणीची गोष्ट, आणि माणसं आपल्यासारखीच बोलतात. तुम्ही पुण्यात आहात. तिथं स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आहे, नातेवाइकांसाठी गट चालतात. लग्न ठरायची वाट न बघता एकदा जाऊन बस. नुसतं ऐकलंस तरी तुझी निम्मी भीती जागेवर येईल. आणि रात्री-अपरात्री कधी काही सुचेनासं झालं तर १४४१६ हा केंद्र सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा क्रमांक आहे. चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलता येतं. तो तिच्यासाठी आहे तसा तुझ्यासाठीही आहे.

एक शक्यता तू लिहिलेली नाहीस, पण ती तुझ्या मनात असणार म्हणून लिहिते. हे सगळं ऐकून, गटात जाऊन, तिच्याशी बोलून तुला वाटलं की नाही झेपणार, तर तसं म्हणायचा तुला हक्क आहे. त्यासाठी मी तुला वाईट ठरवणार नाही. फक्त ते लवकर सांग, समोर बसून सांग, आणि कारण खरं सांग. “घरचे तयार नाहीत” हे आईच्या अंगावर ढकलायचं कारण पुढे करू नकोस. तिला ते लगेच कळेल. आणि तुमचं जमो किंवा न जमो, तिनं तुला जे विश्वासानं सांगितलं ते मित्रांमध्ये, ऑफिसात, तिच्या कंपनीतल्या ओळखीपाळखीत जाता कामा नये. मला पत्र लिहिताना तू तिचं नाव लिहिलं नाहीस, ते फार चांगलं केलंस.